मंगळवारची सुई

ताम्हिणी,
होळीच्या दुसऱ्या दिवशी, १९५८

लिले,

दोन वर्सं झाली, तुझा कागद न्हाई. पुण्याचं पाणी लागलं की माणूस माहेरच्या नेऱ्याची वाट इसरतं म्हणत्यात, ते खरंच दिसतंय. सख्ख्या नसू, पर एका अंगणात वाढलेल्या चुलत बहिणी हाय ना आपण? बरं, भांडायला कागद लिवला न्हाई. काम हाय म्हणून लिवतीया. आता म्हण, चंद्री मतलबी हाय.

माझ्या रत्नाच्या तोंडाचं बघ बाई काय तरी. तू दातांच्या दवाखान्यात नर्स हायस, तुला म्हाईत असणार. संक्रांतीपासनं तिच्या हिरड्या सुजल्यात. भाकरीचा तुकडा चावला की रगत येतं. पुढचा दात बोटानं हलतोय. तेरा वर्साच्या पोरीचा दात हलतोय, ऐकलंस कधी? तोंडाला वास असा येतो की शाळेत शेजारी कुणी बसंना. सासूनं तंबाखू भाजून मिश्री करून दिली, म्हणली रोज घास, हिरड्या घट्ट व्हतील. पोरगी घासती न्‌ चक्कर येऊन बसती. आता सासू म्हणती, खालच्या वाडीच्या म्हाताऱ्याकडनं दात उपटून घेऊ, पिडा जाईल.

पोरगी वाळली बी लई. खाती तर चार गड्यांचं, पर अंगाला लागत न्हाई. रांजणातलं पाणी दिसाकाठी एकटीच संपवती. न्‌ एक सांगू का, हसशील. ती जिथं बाहेरला बसती तिथं मुंग्यांची रांग लागती. सासू म्हणती, पोरगी गोड हाय म्हणून. मला त्यात हसू येत न्हाई. मला भिवादादा आठवतोय. माझा भाऊ मरायच्या आधी असाच पाणी पीत हुता का गं?

लगीच लिव. घरात वाचता मला न्‌ रत्नालाच येतं, तवा काय बी लिव.

तुझी चंद्रा

*

पुणे,
१४ मार्च १९५८

चंद्रे,

भांडण नंतर. आधी हे कर: मिश्री चुलीत टाक, आणि त्या वाडीच्या म्हाताऱ्याला रत्नाच्या तोंडाजवळ फिरकू देऊ नकोस. त्याने आत्ता दात उपटला तर जखम भरणार नाही, चिघळेल, आणि पोर हातची जाईल. घाबरवायला म्हणत नाही. खरं आहे ते.

तुझं पत्र मी आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. मुंग्यांपर्यंत आले आणि त्यांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. म्हणाले, "हिरड्यांचं नंतर बघू. आधी मुलीची साखर बघा." चंद्रे, हा मधुमेह आहे. रक्तात साखर साचते, ती अंगाला लागत नाही आणि लघवीतून जाते. साचलेल्या साखरेवर हिरड्या कुजतात. साखर आटोक्यात आली नाही तर हिरड्या कितीही खरवडा, पुन्हा पू होणार. आणि हिरड्यांत पू राहिला तर साखर आटोक्यात येत नाही. दोन्ही एकदम धरावं लागतं.

भिवादादाचं विचारलंस. हो. तो विहिरीवर ओणवा होऊन पाणी प्यायचा ते मला आठवतं. आपण सगळे म्हणायचो, बाहेरचं लागलंय. हा रोग घराण्यातून येतो. तुझ्या माहेरचा आहे. हे सासूला सांगू नकोस, नाहीतर जन्मभर ऐकवतील.

भिवादादाच्या वेळी कुणाला काही कळलं नाही. आता सुई आहे. पौडला पीरमहंमदचाचांच्या दुकानी जा, माझं नाव सांग, ते तुम्हाला पुण्याच्या एसटीत बसवून देतील. दाजी नाही म्हणाले तर तू एकटी ये. रुसून माहेरी निघाल्याचं नाटक कर, ते तुला चांगलं जमतं.

लीला

*

ताम्हिणी,
मिरग लागून आठ दिस झाले

लिले,

पावसानं वाट बंद हुयाच्या आत पोचलो बाई. तुझ्या खोलीत महिनाभर तंगड्या पसरून जेवलो, ते कसं फेडू? पोरगी भरलीया. गालावर मांस आलं. रोज सकाळी सुई उकळती न्‌ देती. मिठाच्या कोमट पाण्यानं दोन येळंला चुळा भरून घेती. डॉक्टरांनी एका बाजूचं किटण खरवडलं, ती बाजू खरंच बरी झाली. पहिल्या दिवशी त्यांनी हिरड्यांना ते लाल औषध लावलं तवा मी केवढ्यानं वरडले! वाटलं तोंड फाडलं पोरीचं. तू दवाखानाभर हसलीस. बाकीच्या तीन बाजू राहिल्या, पर भाताचं तरवं टाकायची येळ झाली, रत्नाच्या बानं निरोपावर निरोप धाडला.

आता एक सांगती. रागावू नको.

मंगळवारी मी पोरीला सुई देऊन रानात गेले. मागं सासूनं तिला उपास धरायला लावला, पोरीसाठी नवस बोलली हुती म्हणं. दुपारी हाका आल्या म्हणून पळत आले, तर दारात ही गर्दी. रत्ना देव्हाऱ्यापुढं बसलेली, अंग थरथर कापतंय, घामानं परकर भिजलाय, डोळे कुठं तरी लागल्यात, काय बाय बोलतीया. न्‌ तोंडातनं रगत, हनुवटीपातूर. सासू म्हणली, वाघजाई आली. बायांनी मळवट भरला, ओटी भरली, तोंडात गूळखोबरं घातलं. जरा येळानं पोर शांत झाली न्‌ म्हणली, आई, भूक लागली.

लिले, तुझ्यापाशी काय लपवू. मी बी पाया पडले. माझ्याच पोरीच्या.

सुईनं देवीचा कोप तर हुनार न्हाई ना? तेवढं डॉक्टरांना इचार.

चंद्रा

*

पुणे,
२४ जून १९५८

चंद्रे,

तुला महिनाभर शिकवलं ते सगळं नदीत गेलं का गं? सुई दिल्यावर अर्ध्या तासात पोटात भाकरी गेलीच पाहिजे, हे मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुला किती वेळा सांगितलं? सुई साखर खाली आणते. पोटात काही नसलं तर साखर फार खाली जाते. मग माणूस थरथरतं, घामाघूम होतं, बरळतं. गूळ दिला की साखर वर येते आणि ते शुद्धीवर येतं. वाघजाई आपल्या जागी थोर आहे, तिचं नाव मी घेत नाही. पण तुझ्या घरी त्या मंगळवारी ती आली नव्हती. तुझी पोर मरायला टेकली होती. गूळ अर्धा तास उशिरा मिळाला असता तर ती झटके येऊन गेली असती.

आणि रक्त न खरवडलेल्या हिरड्यांचं आहे. त्या तशाच राहिल्या तर वर्षभरात पुढचे दात जातील, आणि पू आहे तोवर साखर हलत राहील. वाट उघडली की लगेच घेऊन ये. घरात सगळ्यांना बसवून हे सांग. तिच्या परकराच्या ओच्यात कायम गुळाचा खडा ठेव. आणि उपास नाही म्हणजे नाही.

रागाने लिहिलंय, पण रागावले नाही. घाबरले आहे.

लीला

*

ताम्हिणी,
गौरी गेल्या त्याच दिशी

लिले,

तुझा कागद पावसात कुठं अडकला हुता कुणाला ठावं, लई उशिरा पोचला. मी सगळ्यांना बसवून सांगितलं. जसंच्या तसं. सासू म्हणली, "तेच तर आमी म्हणतोय. गूळ दिला की देवी शांत हुती."

आता दर मंगळवारी देवी येती. म्हणजे आणत्यात. पोरीला सकाळीच देव्हाऱ्यापुढं बसवत्यात, सासू शेजारनं हालत न्हाई, सुई दिली की मला शिवायची बंदी. मी एका मंगळवारी सुईच दिली न्हाई. म्हणलं, न रहे बास न बजे बासरी. तर देवी आली न्हाई, न्‌ सासूच्या बरोबर ध्यानात आलं. म्हणली, सुई टोचली की देवी येती. आता ती सुई देव्हाऱ्यात असती लिले. तिला हळदकुंकू वाहत्यात. मी उकळून घेती, ती परत कुंकू लावती. रत्नाचा बा पौडला पीरमहंमदचाचांकडं औषध आणायला जातो तवा अनवाणी जातो.

न्‌ तोंडाचं म्हणशील, तर रगत ही देवीची खूण झालीया. सासू म्हणती, तोंड बरं केलं तर वाघजाई निघून जाईल. मिठाच्या चुळा बंद. पुण्याला जायचं नावच काढायचं न्हाई. हिरड्या पार काळ्यानिळ्या झाल्यात, बरी झालेली बाजू बी सुजाय लागली.

आता बघ. सुई दिली तर मंगळवारी पोर मरनाच्या दारात. सुई न्हाई दिली तर भिवादादाची गत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मागल्या मंगळवारी गूळ मुद्दाम उशिरा दिला, कुणाची तरी म्हस हरवली हुती न्‌ देवीनं जागा सांगायची हुती. पोरीची दातखीळ बसली. मी माणसं ढकलून आत घुसले न्‌ बोटानं गूळ चोळला, बोटाला अजून चावल्याची खूण हाय. त्यावर रत्नाच्या बानं माझ्यावर हात उगारला. कधी उगारला न्हाई गं त्यानं. गरीब माणूस, गावात कुणी त्याला चावडीवर बस म्हणालं न्हाई. आता पाटील आमच्या दारात घोंगडी टाकून बसतो. त्याला ते सोडवंना.

म्हस सापडली बी. वड्यातच हुती, म्हशी वड्यातच जात्यात. पर आता आसपासच्या साऱ्या वाड्यांची माणसं येत्यात.

तू येती म्हणशील. येऊ नको. सासू म्हणली, कुंकू नसलेली बाई देवीपुढं चालायची न्हाई. हे लिवताना माझा हात जड झाला. पर दारातनं तुला कुणी परत लावलं, तर मला बघवायचं न्हाई.

पोरीला कशी वाचवू, तेवढं सांग.

चंद्रा

*

पुणे,
३० सप्टेंबर १९५८

चंद्रे,

कुंकवाचं मनाला लावून घेऊ नकोस. दहा वर्षं ऐकते आहे, कातडी जाड झाली.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, पोलिसांत कळवू. मी म्हटलं, फौजदार येईल, देवीला नारळ फोडील आणि जाईल. मग सुईही बंद करतील. त्यापेक्षा माझं ऐक.

तुझ्या घरात तुझं कुणी ऐकत नाही, माझं कुणी ऐकणार नाही, डॉक्टरांचं तर नाहीच. ऐकतात फक्त देवीचं. मग देवीलाच सांगू दे. रत्ना हुशार आहे. पहाटे गोठ्यात तिला दूधभाकरी पोटभर घाल, मगच सुई. देव्हाऱ्यापुढे तिला कापू दे, घुमू दे. आणि तिने म्हणावं की मला पुण्याला न्या, तोंड साफ करून आणा. काय बिशाद आहे कुणाची नाही म्हणायची?

आणखी वाट मला दिसत नाही. दिसली असती तर हे लिहिलं नसतं.

लीला

*

ताम्हिणी,
घट बसायच्या आदल्या दिशी

लिले,

कागद वाचला न्‌ चुलीत घातला.

वाघजाई माझ्या पोरीच्या अंगात येत न्हाई, हे मला पटलंय. पर वाघजाई हाय. माझ्या आजीच्या आजीपासनं हाय. तिच्या तोंडी मी खोटं घालू? न्‌ ते लेकराकडनं वदवून घेऊ? उद्या तिनं खरंच डोळं उघडलं तर कुणाच्या पदराआड लपू? तू शिकलीस, तुझं वेगळं हाय. मला हे जमायचं न्हाई.

नऊ दिस पोरगी घटापुढं बसायची हाय. रोज उपास. रोज सुई. मी काय करू मला कळत न्हाई. तू बी आता काय लिवू नको.

चंद्रा

*

ताम्हिणी,
दसरा

लीला मावशीस, रत्नाचा नमस्कार.

हे पत्र शाळेतल्या दौतटाकानं लिवलं आहे, आईला म्हाईत नाही. तू पण सांगू नको. बाबा पीरमहंमद आजोबांकडं औषध आणायला जातील तेव्हा मी संगं जाईन, त्यांच्या हाती देईन.

आईनं तुझं पत्र चुलीत टाकायच्या आधी मी वाचलं होतं. आई उतरंडीमागं कागद ठेवती हे मला ठाऊक आहे.

मावशी, घटाचे दिवस मी मेले नाही कारण करडासाठी सोडलेलं शेरडीचं दूध मी चोरून पीत होते. सुई दिली की मला बाहेरला जायचं असतं ना, तेव्हा. आजी बाहेर येत नाही. म्हणून मला खरं काही झालंच नाही. मग आठव्या माळेला मी मुद्दाम कापले. दिवा जवळ होता म्हणून घाम आला. रगत तर येतंच. मी मोठ्यानं म्हणाले, "नासक्या तोंडात मी ऱ्हायची न्हाई! ह्या झाडाला पुण्याला न्या!" ज्याच्या अंगात देवी येती त्याला इथं झाड म्हणतात. सगळे आडवे पडले. आजी रडली. बाबा म्हणाले, चुकलं आई, चुकलं. पाटलांनी बैलगाडी देतो म्हटलं.

आईपण पाया पडली. मला लई वाईट वाटलं. तिला वाटलं खरी देवी बोलली. तिनं नारळ फोडला.

आम्ही दिवाळीआधी येतो. डॉक्टरांना सांग, सगळं एकदमच खरवडा. मला दुखलं तरी चालंल. दात राहिले पाहिजेत. वर्गातली सारजा म्हणती, दात पडले की कुणी नवरा करत नाही. मला नवरा नको, पण भाकरी चावून खायची आहे.

रत्ना

*

पुणे,
१७ जानेवारी १९५९

प्रिय चंद्रे,

संक्रांतीला दाजी रत्नाला घेऊन आले होते. तू का आली नाहीस? तुझ्यासाठी तिळगूळ दिलाय, रत्नाला मोजकाच, ते तिला कळतं.

डॉक्टर इतके खूश कधी झालेले मी पाहिले नव्हते. दिवाळीआधी खरवडलेल्या चारही बाजू साफ राहिल्या आहेत. हिरड्या गुलाबी, घट्ट, दाताला चिकटलेल्या. पुढचा दात हलायचा थांबला. दाबलं तरी पू नाही, रक्ताचा थेंब नाही. मोठ्या दवाखान्यातही साखर चांगली निघाली. एवढ्या लहान वयात हिरड्या इतक्या गेलेल्या असताना परत आल्या, म्हणून त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तिचं तोंड दाखवलं. रत्ना आ वासून बसली होती आणि डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसत होती. तुझी पोर सुटली, चंद्रे.

फक्त एक. तिच्या खालच्या ओठाच्या आत जखम आहे. दातांची खूण दिसते. एक ताजी, तिच्या शेजारी दोनतीन भरत आलेल्या, एकाच जागी. डॉक्टर म्हणाले, झोपेत चावत असेल. मी विचारलं तर म्हणाली, ठेचकाळून पडले. ओठाच्या आत कुणी ठेचकाळत नाही. साखर खाली जाऊन झटके येतात का तिला अजून? मंगळवारचं तू गोठ्यात दूध देतेस ना? मला खरं कळव. अशी जखम मधुमेहात चिघळली तर परत पहिल्यापासून.

लीला

*

ताम्हिणी,
माघी पुनव

लिले,

तुझं पत्र वाचलं न्‌ पोरीला गोठ्यात नेऊन ओठ उलटा करून बघितला. मग तिनं सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचल्याचं, घटापुढं बोलल्याचं, तुला पत्र धाडल्याचं. सगळं. तुला ठावं हुतं न्‌ तू मला चार महिने सांगितलं न्हाईस. म्या नारळ फोडला गं! देव्हाऱ्यापुढं डोकं आपटून रडले, म्हणलं आईनं ऐकलं माझं. तुमी मावशीभाचीनं मिळून मला देवी दाखवली. लई राग आला तुझा. दोन दिस राग हुता. मग पोरीला भाकरी कडाकडा चावून खाताना बघितलं न्‌ राग कुठं ठेवावा कळंना.

आता ओठाचं ऐक.

तोंड बरं करून आलो त्या पहिल्या मंगळवारी पोरीनं नेहमीसारखं कापून दाखवलं. मी आत येऊन बघते तर सासू तिची हनुवटी धरून तोंडात बघतीया. रगत न्हाई. सासू म्हणली, "देवी गेली का काय? गेली असंल तर मग त्या सुईचं काय काम राहिलं? पोरगी तर आता चांगली धडधाकट हाय." रत्नाच्या बानं मान खाली घातली. पाटलानं घोंगडी उचलायला हात घातला.

ते रत्नानं ऐकलं. तिला कळलं, लिले. सुई बंद झाली तर काय व्हतं ते तिला माझ्यापरीस जास्ती कळतं. तिनं तिथल्या तिथं ओठ चावला. रगत आलं. बायांनी हळद उधळली. पाटील परत बसला.

तवापासनं दर मंगळवारी चावती. न चुकता. देवी हाय तवर सुई हाय. सुई हाय तवर पोर हाय. तू लिवलंस, तुझी पोर सुटली. कुठं सुटली गं? आधी रोगानं धरली हुती, आता मखरात धरलीया. पुढं काय? लगीन कोण करील? देवीच्या झाडाशी लगीन करायला कुणाची छाती हाय? न्‌ केलंच तर तिथं मंगळवारी काय करायची ती? सासू गेल्यावर मोकळी व्हईल म्हणावं, तर गाव हाय. गाव कुठं मरतंय.

मी तिला इचारलं, दुखत न्हाई का गं? म्हणली, "आई, हिरड्या दुखायच्या तेवढं न्हाई दुखत."

म्हणून कागद लिवतीया. तुझ्याकडं डॉक्टरांचं ते लाल औषध हाय ना, जे बघून मी वरडले हुते. त्याची एक बाटली धाड. तुला मी म्हणले हुते, देवीच्या तोंडी खोटं घालायचं मला जमायचं न्हाई. आता जमंल. वाघजाईला मी सांगितलंय, तुझा शाप मला दे, पोरीला देऊ नको. तिनं ऐकलं का न्हाई ते मला ठावं न्हाई.

औषध लावलं तर ओठ बरा राहील का, तेवढं लिव.

चंद्रा

*

पुणे,
२ मार्च १९५९

चंद्रे,

बाटली पीरमहंमदचाचांच्या हाती पाठवते आहे. दवाखान्यातली नाही, दुकानातून आणली. उजेडात ठेवू नकोस. सुईशेजारी देव्हाऱ्यात ठेवलीस तरी चालेल, तिथे कुणी हात लावणार नाही.

मंगळवारी पहाटे आधी दूधभाकरी. मग सुई. मग पुन्हा थोडी भाकरी, ती तिला पदराखालून दे. देव्हाऱ्यापुढे बसायच्या आधी कापसाचा लहान बोळा औषधात बुडवून गालाच्या आत धरायला सांग. वेळ आली की जिभेने दाबायचा. लाल ओघळ येईल, लांबून रक्तच वाटेल. गिळायचं नाही, थुंकायचं. नंतर मिठाच्या पाण्याने चूळ. एकदा घरी तुझ्यासमोर करून बघू दे.

ओठाचं विचारलंस. हे औषध मुळात जखमेचंच आहे. रक्त दिसेल आणि खाली जखम भरेल. हिरड्यांना लागलं तर गुणच येईल.

मी तुला सांगितलं नाही, माझं चुकलं. पुढचं मला सुचत नाही, तूही विचारू नकोस. तिचे दात चांगले राहतील एवढं मी बघीन. बाटली संपत आली की आधी कळव, मंगळवार चुकता कामा नये.

लीला